नोंदी राहू देत

मोठ्या डिस्क बसवल्या आणि टीव्हीवर बघायला घरच्या सर्व्हरवर साठवलेले सगळे पिक्चर गायब झाले. ते परत मिळवायला मी बसले, तर नवरा म्हणाला, “नुसते पिक्चर आण. कुणी कधी काय पाहिलं, त्या नोंदी राहू देत.” मनात शंकेची पाल चुकचुकली. मी मुद्दाम आधी नोंदीच आणल्या. तीन महिने, रोज अकरा ते पाच, घरचा टीव्ही चालू! तेव्हा मी कामावर आणि हा ऑफिसात. नोंद मात्र ह्याच्याच नावावर. कोण बया येते सोबतीला? दातओठ खात यादी चाळली. आम्ही दोघांनी मिळून बघायचा ठरलेला पिक्चर तेवढा ह्याने उघडलाही नव्हता. मग आठवलं, ऑफिसचं ओळखपत्र ह्याच्या गळ्यात कित्येक दिवसांत दिसलं नाही. ओट्यावर ह्याचा घासलेला डबा पालथा होता. “उद्यापासून डबा भरू,” मी विचारलं, “की घरीच ताट झाकून ठेवू?”