टणक बी

उजाड माळावर त्या दुर्मीळ जांभळ्या फुलाची चारच झुडपं उरली होती आणि ती होती म्हणूनच तिथल्या खाणीची परवानगी अडली होती. वनस्पतिशास्त्राच्या बाई दरवर्षी त्यांच्या शेंगा सोलून मूठमूठ बिया माळावर उधळायच्या, पण कवच इतकं टणक, की ओरखडा पडल्याशिवाय बी रुजायचं नाव घ्यायचं नाही. घरी कुंडीत लावायला त्या एकेक बी पॉलिश पेपरवर घासत बसल्या की वहिनी हसायच्या, "वन्सं, कुंडीपुरतं ठीक आहे. अख्खा माळ कोण घासून देणार तुम्हाला?"

पाहणीच्या दिवशी साहेब यायच्या आत ठेकेदारानं सगळ्या माळावर बुलडोझर फिरवला. "दाखवा ना बाई, कुठंय तुमचं फूल?" साहेब आल्यावर तो मिशीत हसला.

बाईंनी बुलडोझरपुढेच बसकण मारली. "दाखवते की! साहेब, फुलायच्या दिवसांत पुन्हा या. तोवर इथलं ढेकूळही हलू देणार नाही मी."

साहेबांनी मुदत दिली. फुलायचे दिवस आले तसा ठेकेदार माळावर पोचला आणि नजर पोचेल तिथवर जांभळं बघून जागीच थिजला.



"या, या!" म्हणत बाई सोबत आलेल्या वहिनींकडे वळल्या. "वहिनी, हेच ते. यांनीच अख्खा माळ घासून दिला."