रंगाचा डबा

जुन्या गाडीचा मागचा दरवाजा बाबांनी पुन्हा फाटकाला घासला होता. रंग सोलून पत्रा उघडा पडला होता. दादा रंगाऱ्याला म्हणाला, “आजच रंगवून टाका. बायकोला कळता कामा नये.” मी म्हटलं, “दादा, बाबांना धड दिसत नाही. रंगवतोस कसला? त्यांचं गाडी चालवणं बंद कर.” तो खेकसला, “चांगलं दिसतं त्यांना! मुलांना शाळेतून कोण आणणार, तू?” मला सख्ख्या भावाची शिसारी आली. पोटच्या पोरांपेक्षा याला दुपारची झोप प्यारी! आमचं भांडण ऐकून रंगारी डबा न उघडताच थांबला होता. तेवढ्यात बाबा हात धुऊन परतले, खरवडलेल्या दरवाजासमोर वाकले आणि हरखले, “झकास जमलाय रंग. ओरखडा होता हेही कळत नाही.” माझी नजर चुकवत दादाने किल्ली त्यांच्या चाचपडणाऱ्या हातात दिली. “निघा बाबा, शाळा सुटेल.”