हाताला सोसेल इतकं

ट्रॅक्टर तिसऱ्यांदा खोकला, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि गप झाला.

वीरुपाक्ष ड्रायव्हरनं हँडल उपसून ढेकळांत आपटलं. पौषातल्या सकाळचं वारं नुसतं चावत होतं, तरी त्याच्या कपाळावर घाम होता.

"अक्का, पेट्रोल थोडंच उरलंय. अजून एकदा हँडल मारून बघतो. न्हाई झालं तर बैलं जुंपून रस्त्याला वढायचं. ताडकळसची माणसं वाट बघायलीत. तुमचा नंबर गेला समजा."

कासाबाईनं समोरच्या पाच एकरांकडं पाहिलं. सगळं रान कुंद्यानं धरलेलं. बैलाचा नांगर वरचं गवत खरवडायचा, आणि पंधरा दिवसांत रान पुन्हा हिरवं. त्या गवताची मुळं दोन हात खोल. तिथवर पोचणारा नांगर या एका सरकारी यंत्रामागं होता, आणि ते आज गेलं की परत कधी येईल याचा नेम नव्हता. नवरा मल्हारी मेंढरं घेऊन पूर्णेच्या अंगाला गेलेला. दोनदा परभणीला हेलपाटे घालून नंबर तिनंच लावला होता.

बांधावर सासू भिवराबाई डोक्यावरून घोंगडी घेऊन बसली होती. "सरकारचं घोडं सरकारसारखंच. बसलं की बसलं. म्या तवाच म्हणलं होतं, ह्या रानात मेंढरं चारावी आन् गप बसावं."

कासाबाई यंत्रापाशी गेली. "अप्पा, इच्यारू का? सुरू व्हतंय तवा बरं चालतंय. तुमी ती पितळंची तोटी फिरवली की धूर टाकून मरायलंय. काय हाय त्या तोटीत?"

"राकेल. पेट्रोलवर सुरू करायचं, इंजन तापलं की राकेलवर घ्यायचं. पेट्रोल कमी, म्हणून मी लवकर फिरवायलोय."

"पर तापलंय का ते?"

वीरुपाक्षनं इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडं बोट केलं. वरची काच फुटलेली, काटा मोडलेला.

तिनं पुढच्या जाळीला तळवा लावला. वाऱ्यानं लोखंड पार गार पडलं होतं.

"थंडीत कोकरू गारठलं तर आमी त्याच्या तोंडात बोट घालून बघतो, अप्पा. तोंड गार लागलं तर दूध न्हाई पाजत. पाजलं की गेलंच. आधी ऊब, मंग दूध. तुमी गारठलेल्या कोकराला दूध पाजायलाव."

वीरुपाक्ष हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. मिस्त्रीनं शिकवताना हेच तर बजावलं होतं. फक्त त्यात कोकरू नव्हतं.

त्यानं खालची तोटी सोडून यंत्रातलं गार पाणी हंड्यात काढलं. कासाबाईनं तीन दगड मांडून पऱ्हाट्यांचा जाळ केला.

"कढत नको, अक्का. लोखंड तडकंल. हाताला सोसंल इतकं."

"बाळंतिणीच्या न्हाणीवानी म्हणा की."

यंत्रात पाणी ओतलं, काढलं, पुन्हा तापवून ओतलं. वीरुपाक्ष म्हणाला, "आता पुढची जाळी झाकाया पायजे. वारं आत जाऊ ने म्हणून पडदा असतोय. तो फाटून गेलाय."

कासाबाईनं सासूकडं पाहिलं.

"बघू नगंस हिकडं," भिवराबाई म्हणाली. "माझ्या अंगावरचं काढून लोखंडाला पांघरतीस? म्या गारठून मेले मंजी?"

"तुमाला जाळापाशी बसवते, आत्याबाई. त्याला काय उचलून नेता येतंय जाळापाशी?"

भिवराबाई उठली. घोंगडी दिली, पण एक टोक धरूनच ठेवलं. "जळली तर दुसरी न्हाई. माझ्या बापानं ईनलेली हाय." मग सोडलं.

जाळीवर घोंगडी बांधून वीरुपाक्षनं हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्याला इंजिन धरलं, आणि त्याचा हात आपसूक पितळी तोटीकडं गेला.

"थांबा!" कासाबाईनं वरच्या नळीवर हात ठेवला होता. "अजून न्हाई."

त्यानं टाकीत डोकावलं. "अक्का, संपत आलंय."

"अजून न्हाई."

नळी कोमट झाली. मग उबदार. मग चांगली गरम झाली, इतकी की हात आपोआप उचलला गेला.

"घ्या आता!"

त्यानं तोटी फिरवली. इंजिन एकदा अडखळलं. जाळाशी बसलेल्या भिवराबाईनं काटकी मोडता मोडता हात थांबवला.

आणि आवाज जड झाला, एकसारखा झाला. धूर विरत गेला.

"आता घोंगडी अर्धी खाली घ्या," वीरुपाक्ष आसनावरून ओरडला. "लय कोंडलं तर पाणी उकळंल!"

"ठावं हाय मला," ती म्हणाली. तिनं घोंगडीची गाठ आधीच सोडली होती.

नांगर रुतला. कितीक वर्षांची घट्ट जमीन करकरत उलटली. कासाबाई यंत्राच्या बाजूनं चालत राहिली. वाऱ्याच्या तोंडाला घोंगडी वर, पाठवारं लागलं की खाली. दर वळणावर ड्रायव्हर गती कमी करायचा आणि विचारायचा, "बघा बरं, अक्का." ती नळीला हात लावायची, मान हलवायची, यंत्र पुढं निघायचं.

भिवराबाई जाळापासनं उठून नांगराच्या तासात उतरली. उलटलेल्या मातीतून कुंद्याच्या मुळाची एक पांढरी काशी तिनं ओढली. ओढत राहिली, ओढत राहिली; ती तिच्या उंचीहून लांब निघाली. तिनं काशी झटकून बांधावर फेकली. मग वाकून दुसरी ओढली. मग तिसरी.

चौथीला ती कंबरेवर हात देऊन उभी राहिली आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली,

"कासे! आगं, मिरगाला पेरायचं काय हितं?"