झोपमोड

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज बसला, तेव्हा शेजाऱ्यांनी आधी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मग चौकशी केली. गुळण्या झाल्या, वाफारे झाले, चघळायच्या गोळ्या झाल्या. त्याचा आवाज काही खुलेना आणि सल्ले देणाऱ्यांचा काही बसेना. पुढे गिळतानाही दुखायला लागलं, वजन उतरलं, तशी लेकीने त्याला धरून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीतून स्वरयंत्रावर व्रण दिसला, तुकडा तपासायला गेला आणि बापलेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"कॅन्सर नाही," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. "स्वरयंत्राचा टीबी आहे. औषधं नेमाने घ्या, बरे व्हाल."

"ऐकलंत ना, बाबा? पुन्हा बाजार डोक्यावर घ्यायचाय!" लेक रडता रडता हसली.

"घरात कुणाला बरेच दिवस खोकला होता का?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

 

"हिच्या आईला," तो कुजबुजला. "झोपमोड होते म्हणून मी खेकसायचो. गेली त्या दिवसापर्यंत उशीत तोंड खुपसून खोकत होती."