लातुरातला समुद्र

कुलूप काढून आत आल्या आल्या मंजुश्रीनं मेन वर केला. पंखा फिरला, फ्रीज घुरघुरला. तिचा हात मात्र बोर्डावरच राहिला.

"अगं बाई! सकाळी मीच मेन पाडला की!"

गेल्या साली वीज पडली त्यात टीव्ही जळाला. तेव्हापासून घर बंद करून निघताना मेन पाडायचा, हा या घरात तिनंच केलेला कायदा. आज पहाटे, बऱ्याच महिन्यांनी तिघं मिळून अहमदपूरकडच्या मठात दर्शनाला निघतानाही हात आपोआप वर गेला. फ्रीजमधलं दूध तेवढं आठवणीनं शेजारच्या गुणाबाईंना देऊन टाकलं. मासे आठवले नाहीत.

ती धावतच काचेच्या टाकीपाशी गेली. निळा मासा तळाच्या वाळूवर आडवा पडला होता. दोन नारंगी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. टाकीतलं पाणी फिरवणारा पंप वीज येऊनही गप्प होता. तिच्या नवऱ्यानं, शिवमूर्तीनं, बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. ढिम्म.

मासे होते खाऱ्या पाण्यातले. ज्या लातूरनं एका उन्हाळ्यात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्या लातुरात त्यांच्या शिवांशनं समुद्र पाळला होता. मीठसुद्धा हैदराबादहून मागवायचा. नीट परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्याला गच्चीच्या कठड्यावरून मागं ओढलं. तेव्हापासून पोरगं आईबापाशी हूं की चूं करत नव्हतं. जे काही बोलायचं ते या माशांशी. टाकीसमोर बसून हळू आवाजात काहीबाही सांगत राहायचा, आणि मंजुश्री स्वयंपाकघरात कान लावून ऐकत राहायची. त्याचा आवाज येतोय ना, मग सगळं ठीक आहे. आता हे मासेच गेले तर?

आज परतताना, एसटीतून उतरल्यावर तो आपण होऊन म्हणाला होता, "तुम्ही व्हा पुढं. दूध मी आणतो." एवढ्याशा बोलण्यानं ती फाटकापर्यंत हवेत चालत आली होती. आता मनात म्हणत होती, देवा, त्या दुकानात गर्दी असू दे.

शिवमूर्तीनं मासेवाल्याला फोन लावला. तो नांदेडला गेलेला. "दिवसभर बंद ऱ्हायला की पंपात मीठ बसतं, जाम होतो," तो म्हणाला. "मी सकाळी नवीन घेऊन येतो. तोवर मग्ग्यानं पाणी वरून सोडत ऱ्हावा. हवा मिळाली तर जगतील."

"पाणी गरम झालंय लई," असं म्हणत शिवमूर्तीनं पिण्याच्या थंड पाण्याचा जार उचलला.

"अहो, हे काय करताय! गोड्या पाण्यानं मरतील ते!"

त्यानं जार दाणकन खाली ठेवला. मग काहीतरी करायचं म्हणून पंप बाहेर काढला आणि स्क्रू ड्रायव्हर खुपसून त्याचा पंखा फिरवायला लागला. टक्कन आवाज झाला. आतला बारीक दांडा मोडून त्याच्या तळहातावर आला. पंचवीस वर्षं मास्तरकी केलेला तो माणूस त्या तुकड्याकडं बघत चोरागत उभा राहिला.

मंजुश्री मग्गा भरून वरून पाणी सोडत होती. भर, सोड. भर, सोड. निम्मं पाणी फरशीवर जात होतं. निळ्या माशाचा कल्ला हलतोय का, ती बघत होती. हलत नव्हता.

फाटक वाजलं.

शिवांश दारात आला. हातात दुधाची पिशवी. त्यानं टाकी पाहिली, वडिलांच्या हातातला पंप पाहिला.

"कुणी बंद केलं?"

"मी," शिवमूर्ती म्हणाला.

"न्हाई रे, ते खोटं बोलायलेत," मंजुश्री म्हणाली. "मेन मी पाडला. मला काय बोलायचं ते बोल, शिव्या घाल, पण बोल."

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. छोट्या जाळीनं निळा मासा उचलला, ओल्या फडक्यावर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिला. लई वेळ. मग मान वर करून त्यानं आईला शोधलं. ती टाकीपाशी नव्हतीच. मग्गा खाली टाकून ती कधी मागं सरकली, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. गच्चीच्या जिन्याच्या दाराला पाठ लावून ती उभी होती, दोन्ही हात पसरून.

"आई, तिथं का उभी हायस?"



"भ्या वाटतंय, बाबा."

"माशांचं?"

"तुझं."

शिवमूर्तीनं मान खाली घातली. हे घरात आजवर कुणीच बोललं नव्हतं. शिवांशचा चेहरा वाकडा झाला. आता तो किंचाळेल, असं तिला वाटलं. त्यानं वाकून फरशीवरचा मग्गा उचलला. टाकीत बुडवला. उंच धरून पाणी सोडलं. पुन्हा भरला, पुन्हा सोडला. दोन्ही नारंगी मासे फेसाखाली आले.

"सकाळपर्यंत हे चालवावं लागतंय," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "मला एकट्याला न्हाई जमायचं, आई. इकडं ये."

मंजुश्रीनं पाठीमागं हात नेऊन जिन्याच्या दाराची कडी चाचपली. लागलेली होती. तरी एकदा ओढून पाहिली. मग तिनं दार सोडलं.