चाक, छापखाना आणि तिसरा

वाद नऊपर्यंत ताणला, तर खानोलकरांचा रिकाम्या घरातला दीड तास वाचणार होता. म्हणून वाचनालयाच्या पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी काडी टाकली, "माणसाच्या इतिहासावर सगळ्यात जास्त छाप कुणाची?"

"चाक शोधणाऱ्याची," घाटगे म्हणाले.

"रोज स्कूटर ढकलत आणता, तरी चाकाचं एवढं कौतुक?" मुल्लासरांनी टोमणा मारला. "छापखाना काढणाऱ्याची. नाहीतर या वाचनालयात आपण काय झोपायला आलो असतो?"

"तुम्ही झोपायलाच येता, सर."

दोघांची जुंपली की खानोलकर खूश. वाद विझायला लागला की ते हरणाऱ्याच्या बाजूनं उभे राहायचे. पण आज साडेसातलाच घाटगे कंटाळून म्हणाले, "बरं, तुमचा छापखाना." खानोलकर घाबरले. हाताशी तिसरं नाव नव्हतं. तोंडाला आलं ते बोलून गेले, "ज्यानं दुसऱ्याला पहिल्यांदा 'जेवलास का?' असं विचारलं, तो."

याला खोडून काढणार कसं?

"जिंकलात, खानोलकर," म्हणत मुल्लासर उठले. "बायको ताट वाढून थांबली असेल. माझ्याशिवाय जेवत नाही ती."

"आमच्याकडेही तेच," घाटगेंनी पिशवी उचलली.

हरलेले दोघं घरी जाऊन गरम भाकरी खायला बसले. जिंकलेल्यानं कुलूप काढलं, सकाळची पोळी दुधात कुस्करली आणि उभ्या उभ्याच खाल्ली. वाटी विसळून ठेवली, तेव्हा जेमतेम आठ वाजत होते.