शंभर टक्के निकाल

मोटार रिवाइंडिंगच्या परीक्षेत मंदाकिनी घोलप यांनी सहाव्यांदा मुद्दाम कोरा पेपर दिला होता. अनुदान मिळाल्यापासून कॉलेजने एआय वापरून वारलेल्या शिक्षकांनाही ऑनलाइन वर्गात बोलतं केलं होतं. त्यांत हाच विषय शिकवणारे मंदाकिनीबाईंचे यजमानही होते. सर बायकोला ओळखत नसत. पण शंका विचारली की हयातीतल्यासारखेच खाकरून म्हणत, "विचारलंत ते बरं केलंत, ताई."

आज वर्गच उघडेना, म्हणून त्या कॉलेजात गेल्या.

क्लार्क तांबोळींनी हौसेने प्रमाणपत्र पुढे केलं. "पेढे द्या वहिनी! अनुदान वाढवायला शंभर टक्के निकाल लागतो. सगळ्यांना ग्रेस मार्क दिले."

"मला नापास करा हो, भाऊ."

"आता निकाल वर गेला. पास झालेल्याला पुन्हा प्रवेश नाही."

"मग सर दुसरं काय शिकवतात?"

तांबोळींचं हसू मावळलं. "सरांना तेवढंच येत होतं, वहिनी."